जुलैचा पाऊस, सव्वादोन वर्षांची लेक आणि आंबोली

आमच्या घरी सुट्टी मिळते ती जुलैतच. नवऱ्याचा वेंगुर्ल्यात भागीदारीत बर्फाचा कारखाना आहे आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून ठेवलेल्या, त्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक नाही. मशिनरीची दुरुस्ती आटपली की जुलैच्या शेवटी थोडे दिवस मोकळे मिळतात ते मिळतात, नंतर एकदा बोटी बाहेर पडल्या की रात्री दोनलासुद्धा फोन येतो. लोक विचारतात एवढ्या पावसात लहान पोर घेऊन डोंगरात कोण जातं, तर आमच्यासारखे जातात, ज्यांच्याकडे दुसरा महिनाच नसतो. लेक सव्वादोन वर्षांची, जन्मल्यापासून समुद्र बघतेय, डोंगर तिने पुस्तकातल्या चित्रात बघितलेला. आणि आंबोली म्हणजे आमच्या डोक्यावरच, सावंतवाडी करत साठेक किलोमीटर. हा रस्ताच मुळात ब्रिटिशांच्या काळात वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीला पोचवायला केलेला, त्यामुळे आमच्याकडे घाट चढणं म्हणजे फार लांब जाणं असं कोणाला वाटत नाही. फक्त यावेळी सोबत लेक होती, म्हणून सगळं नव्याने विचार करून करावं लागलं, आणि ज्यांची मुलं एवढीच आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

सासूबाईंना पटलेलं नव्हतं. त्या पाऊस नक्षत्रावर मोजतात. "अगो, पुष्य लागलो. म्हातारो पाऊस तो, बसलो की उठणा नाय. चेडवाक घेवन घाटात खंय जातास?" पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हे आमच्याकडे पोराटोरांनासुद्धा माहीत असतं, आणि त्यांचं चुकतं असं मी कधीच म्हणणार नाही, सत्तरच्या वर पावसाळे त्यांनी याच किनाऱ्यावर काढलेत. मी त्यांच्याजवळ बसून तीन गोष्टी कबूल केल्या. जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घाट चढायचाही नाही आणि उतरायचाही नाही, अंधारात घाटात गाडी असणार नाही, आणि परत यायच्या दिवसानंतर एक दिवस पूर्ण रिकामा ठेवायचा, ना काम ना कोणाकडे जायचं कबूल केलेलं. हा तिसरा मुद्दा त्यांचाच, आणि पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडला.

अलर्टबद्दल थोडं सांगते कारण खूप जण फक्त रंग बघतात. साधारण हिशोब असा की २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, तिथे यलो, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, तिथे ऑरेंज. आणि त्याच्या वर गेलं की रेड. पण तो रंग अख्ख्या जिल्ह्याला एकच असतो. सिंधुदुर्गात खाली किनारा आणि वर सह्याद्रीचा कडा दोन्ही आले, समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून आंबोलीला वर्षाला सरासरी ७००० मिमीच्या आसपास पाऊस, आमच्या वेंगुर्ल्याच्या दुपटीहून जास्त. खाली कोरडं ऊन पडलेलं असताना वर समोरचं झाड दिसत नसतं. त्यामुळे रंगाबरोबर मी पणजीच्या रडारचं चित्र बघायची सवय लावून घेतली, ते हवामान खात्याच्या साइटवर मिळतं, समुद्रावरचे ढग आपल्याकडे सरकताना दिसतात आणि पुढच्या तासा-दोन तासांचा बरा अंदाज येतो. त्याहून भरवशाचं म्हणजे जिथे राहणार होतो त्या काकींना सकाळी फोन. "आज कसं आहे?" एवढंच विचारायचं. त्या सांगायच्या की धुकं आहे पण पाऊस नाही, किंवा रात्रभर वारा होता, झाडाच्या फांद्या पडल्यात, आज नको. आम्ही निघायचा दिवस त्यांच्या सांगण्यावरून एकदा पुढे ढकलला, आणि बुकिंग करतानाच असं चालेल ना हे विचारून घेतलेलं होतं. पावसाळ्यात जिथे तारीख हलवू देत नाहीत तिथे लहान मूल घेऊन बुकिंग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग ती जागा कितीही सुंदर असो.

शनिवार-रविवार आम्ही पहिलाच बाद केला. धबधब्यापाशी त्या दोन दिवसांत गाड्यांची एवढी रांग लागते की घाटातच तासभर अडकून पडायला होतं, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलाला बंद काचांच्या गाडीत तासभर बसवणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. मंगळवारी निघालो.

सामानाचं म्हणाल तर कपडे तिचे आमच्या दोघांपेक्षा जास्त होते. वर जुलैत काही वाळत नाही, हवाच ओली असते, त्यामुळे घरी मी कापडी लंगोट वापरते ते यावेळी ठेवले आणि तयार डायपर घेतले, आणि वापरलेले भरून परत खाली आणायला वेगळी जाड पिशवी. वरती कचरा टाकून यायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं, जंगल आहे ते. कपड्यांची प्रत्येक जोडी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे एक पिशवी भिजली तरी बाकीचं कोरडं. आंबोली ६९० मीटरवर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा चारपाच डिग्री तरी गार, शिवाय वारा आणि ओल. जाड स्वेटर घेतला नाही, जाड लोकर एकदा भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही, त्याऐवजी पातळ, लांब बाह्यांच्या कपड्यांचे दोन-तीन थर, वर जाकीट, कानटोपी, आणि बाहेर पडताना अंगभर रेनकोट. छत्री घाटावर लहान मुलाच्या कामाची नाही, वारा खालून वर येतो, पाऊसही आडवा येतो. गमबूट मात्र हवेच. लेक डबकं दिसलं की त्यात जाणारच, आणि आपल्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते, साचलेल्या पाण्यात उघड्या पायाने जाऊ द्यायचं नाही, पायाला ओरखडा असेल तर अजिबातच नाही, आणि आल्यावर साबणाने पाय धुवायचे. खायला नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तूप, पेजेला घरचे उकडे तांदूळ आणि दुधाची छोटी खोकी, कारण रस्ता बंद झाला तर दूध वर येईलच असं नाही. थर्मास, ओआरएस, थर्मामीटर, तिचं तापाचं औषध आणि त्याचा वजनाप्रमाणे डोस कागदावर लिहून. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही लागलं तर सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय, आणि मध्ये घाट. हा 'मध्ये घाट' डोक्यात ठेवूनच औषधं भरायची.

निघायच्या आधी तिच्या डॉक्टरांना भेटून आले होते. त्यांनी एक चांगली गोष्ट सांगितली, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, नंतर लागायला लागते, त्यामुळे मागच्या वर्षी कुठेतरी गेलो तेव्हा काही झालं नव्हतं यावर जाऊ नका. रिकाम्या पोटी नेऊ नका, भरपेट पण नको, थोडं काहीतरी कोरडं, आणि समोर लांब बघता येईल असं बसवा, मोबाईल हातात देऊ नका. उलटीचं औषध मनाने द्यायचं नाही हेही त्यांनी बजावलं, गरज वाटली तर वापरा म्हणून स्वतःच लिहून दिलं.

घाट चढायची वेळ आम्ही तिच्या झोपेवर ठरवली. ती साडेदहा-अकराला झोपते, म्हणून नऊच्या सुमारास वेंगुर्ला सोडलं, सावंतवाडीत मोती तलावाच्या कडेला थांबून तिला खाली पळू दिलं, चटणी न लावता इडली भरवली, आणि दाणोलीपाशी चढ सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा थांबून तिचं अंग मोकळं केलं, डायपर बदलला, काच जराशी खाली केली. अर्धा घाट ती झोपली. झोपलेल्या मुलाला गाडी लागत नाही म्हणतात, आमच्या बाबतीत ते खरं ठरलं, पण वरच्या वळणांवर ती जागी झाली आणि लगेच तोंडाला पाणी सुटल्यासारखं करायला लागली, मग सगळं बाहेर. मी मागे तिच्या शेजारीच बसले होते, टॉवेल मांडीवर तयार होता, कपड्यांची एक पिशवी हाताशी होती. गाडी जिथे रुंद जागा मिळाली तिथेच लावली, वळणावर नाही आणि कड्याखालीही नाही, कारण पावसाळ्यात वरून दगड येतात. तिला पुसलं, कपडे बदलले, घोट-घोट पाणी दिलं, पाचदहा मिनिटं उभं राहून गार हवा लागू दिली. रडली नाही. समोर डोंगराच्या अंगावरून बारीक-बारीक पाणी खाली येत होतं, एक नाही, जिकडे बघावं तिकडे, आणि ती बोट दाखवून "नळ, नळ" म्हणत होती.

घाटातल्या 'पूर्वीचा वस' या देवळापाशी सगळेच जण घाट नीट पार पडू दे म्हणून क्षणभर थांबतात, आम्हीही थांबलो. तिथून वर धुकं सुरू झालं ते असं की बोनेटच्या पुढचं दिसेना. नवरा अशा वेळी हळू चालवतो, दिवे खाली ठेवून, कारण वरचा झोत लावला तर धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. काही जण चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालवतात, ते करू नये, वळणावर समोरच्याला आपण कुठे वळतोय तेच कळत नाही. मुख्य धबधब्यापाशी थांबलो नाही. तिथल्या माकडांच्या नजरेला हातात बिस्कीट घेतलेलं लहान मूल म्हणजे ताट वाढून ठेवलेलं, आणि ती हिसकावून घेताना नखं लागतात. काच बंद ठेवून बघितलं, पुढे गेलो.

राहायची जागा गावातच एका घरात होती. मागच्या बाजूला दोन खोल्या काढलेल्या, पुढे ओसरी, पागोळ्या सतत गळतायत. काकींनी लेकीला बघितल्या बघितल्या पहिला प्रश्न विचारला की घाटात ओकली काय, आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिचे ओले कपडे माझ्या हातातून घेतले. "बाय, हंय दी, मी सुकवतंय." मग मी जे बघितलं ते माझ्या आजीकडे लहानपणी होतं आणि मी विसरूनच गेले होते. शेगडीत निखारे, त्यावर राखेचा पातळ थर, वर बांबूचं डालगं पालथं घातलेलं आणि त्याच्यावर छोटे-छोटे कपडे पसरलेले, निखाऱ्यात चिमूटभर ओवा. तासाभरात फ्रॉक कोरडा, गरम, ओव्याच्या वासाचा. मी बरोबर हेअर ड्रायर नेला होता, पण लाइट असेल तर तो चालणार, आणि आंबोलीत जुलैत लाइटचा भरवसा नसतो. ती शेगडी रात्री खोलीत मात्र घ्यायची नाही, बंद खोलीत निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू जिवावर बेततो, काकींनीही ती पडवीतच ठेवली होती.

आता वर आल्यावर काय केलं ते. लहान मूल असताना पॉइंट बघायची यादी करून उपयोग नाही, तिथे दिवस उघडिपीवर चालतो. पाऊस कधी पाऊण तास थांबेल, कधी दहा मिनिटं, आणि ती उघडीप आणि तिची जागी-ताजी वेळ एकत्र आली पाहिजे. आम्ही ठरवलं की एका उघडिपीत एकच जागा, तीही गाडीने जवळ असलेली, आणि पहिला थेंब पडला की परत. बाकी वेळ ओसरीवर. हे ऐकायला कमी वाटतं पण तिला कमी काहीच पडलं नाही. ओसरीच्या पुढे पाण्याची सिमेंटची टाकी होती, त्यावर झाडाच्या फांद्या वाकलेल्या, आणि एका पानाखाली पांढऱ्या फेसाचा गोळा. काका म्हणाले ते बेडकाचं घरटं. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत असा फेस करून त्यात अंडी घालतो, पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती सरळ खाली पाण्यात पडतात. रात्री काकांनी विजेरीच्या उजेडात तो बेडूक दाखवला, हिरवागार, बोटांमधले पडदे नारिंगी. लेक श्वास रोखून बघत होती, तिला मी इतका वेळ गप्प कधी बघितलेली नाही. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पहिला शब्द "बेकू". त्यानंतर दर थोड्या वेळाने टाकीवर जाऊन फेस आहे का बघून यायचं, हाच कार्यक्रम. मी तिचा हात धरूनच ठेवत होते, टाकी उघडी होती, आणि झुडपात हात घालू द्यायचा नाही हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पावसाळ्यात मलबारी चापडा हा साप फांदीवर पानासारखा पडून असतो आणि तो विषारी आहे.

आंबोली बेडकांसाठी प्रसिद्ध आहेच. आंबोली टोड म्हणून जो छोटा टोड, तो २००९ साली शास्त्रज्ञांनी नवीन प्रजाती म्हणून नोंदवला, तो याच भागात सापडतो, आणि तो नष्ट व्हायच्या अगदी काठावर असलेल्यांत मोजला जातो. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, उथळ पाण्यात त्याची पिल्लं वाढतात. आपण मजा म्हणून ज्या कातळावर गाडी चढवतो तिथे ती असू शकतात, म्हणून सड्यावर गाडी नेऊ नका अशी हात जोडून विनंती.

पहिल्या चांगल्या उघडिपीत हिरण्यकेशीला गेलो. गाडी जवळपर्यंत जाते, मग थोडं चालायचं, मी तिला पुढे छातीशी बांधून घेतलं आणि रेनकोट दोघींच्या वरून. पाठीवरच्या कॅरियरपेक्षा पावसात हेच बरं, पाय घसरला तर आपले हात आपोआप तिच्याभोवती जातात आणि तिचं तोंड डोळ्यासमोर असतं. देवळामागच्या गुहेतून पाणी येतं आणि तीच हिरण्यकेशी नदी. ही नदी आमच्या समुद्राकडे येत नाही. आजरा, संकेश्वर करत पुढे घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि शेवट बंगालच्या उपसागरात. आमच्या अंगणातला पाऊस अरबी समुद्रात आणि इथला त्या टोकाला, मधे एवढासा डोंगर, मला हे दर वेळी विलक्षण वाटतं. कुंडातल्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा छोटा मासा आहे, २०२० साली त्याची नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. गावातले लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. पाणी एवढं वाहत होतं की मासा दिसला नाही. लेकीने पाण्याला नमस्कार केला, मग देवाला, मग पुजाऱ्यांच्या चपलेला पण. परत निघेपर्यंत सर आलीच, पण गाडी जवळ होती.

कावळेसादला गेलो ते गाडीतूनच परत आलो. जाताना आभाळ चक्क उघडलं होतं, म्हणून वाटलं बघू. तिथे दरीतून वारा इतक्या जोरात वर येतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं, तेच बघायला सगळे जातात आणि ते खरंच बघण्यासारखं आहे, लग्नाआधी मी तिथे तासभर भिजत उभी राहिलेली आहे. पण गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने ते नवऱ्याच्या हातातून सुटलं. रेलिंग आहे, तरी खडक निसरडा, धुकं क्षणात येतं, आणि आमची लेक अजून "थांब" म्हटल्यावर थांबत नाही, उलट ते शब्द ऐकले की पळते. उचलून घेतली असती तर तिने अंग टाकून दिलं असतं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, दार लावलं. शेजारी एक कुटुंब तेवढ्याच मुलाला कडेवर घेऊन रेलिंगला टेकून फोटो काढत होतं आणि माझ्या पोटात खरंच गोळा आला. मी जाऊन त्या बाईंना सांगितलं की अहो ताई, वारा बघा, जरा मागे या, त्या आल्या पण, रागावल्या नाहीत. सांगायला पाहिजे असं मला वाटतं.

त्या संध्याकाळी कणीस घेतलं. भाजलेले दाणे एवढ्या लहान मुलाला तसेच देऊ नयेत, घशात अडकतात, म्हणून मी काकींकडे कोवळं कणीस उकडून किसून, दुधात शिजवून दिलं, जिरं आणि तूप घालून, ते तिने वाटी चाटून खाल्लं. आम्हाला कुळथाची पिठी, भात आणि सुकट, भर पावसात यापुढे दुसरं काही नाही.

रात्री वारा सुटला. लाइट गेली, मोबाईलची रेंज गेली, पत्र्यावर एवढा आवाज की शेजारी बोललेलं ऐकू येईना. लेक दचकून उठली आणि रडायला लागली, हे रडणं वेगळं होतं, घाबरल्याचं. तिला उचलून ओसरीत गेलो. कंदील लावून काकी आणि काका बसलेलेच होते, त्यांना अशी रात्र नवीन नाही. काकी तिला मांडीवर घेऊन पावसालाच बोलायला लागल्या, "पुरे आता, चेडू झोपतला, आवाज कमी कर." जरा वेळाने तीसुद्धा बोट करून "पुये, पुये" म्हणायला लागली. भीती गेली. मी अंग बघितलं, ताप नव्हता, पाय गार होते म्हणून मोजे घातले आणि माझ्याच पोटाशी धरून शालीत घेतली. झोपली. मी जागीच होते, सकाळपर्यंत डोक्यात एकच, घाट.

सकाळी आम्ही उतरणार होतो. पाऊस कमी झाला होता, रेंज आल्यावर बघितलं तर ऑरेंज अलर्ट. काका मोटारसायकलवर घाटाच्या तोंडाशी जाऊन आले, सांगितलं की खाली एका वळणावर थोडी दरड आलीय, एक बाजू चालू आहे, जेसीबी काम करतोय, गाड्या सोडतायत. म्हणजे जाता आलं असतं. नवऱ्याचा जीव कारखान्याकडे लागलेला, त्याने चंदगडकडून, मग तिलारी घाटाने दोडामार्गला उतरायचाही विचार केला, पण तो लांबचा फेरा आणि तोही शेवटी घाटच. काकी आतून म्हणाल्या, "आज उतरा नकात. सकाळी बघया." मी सासूबाईंना कबूल केलेलं त्याला सांगितलं, आणि तो रिकामा दिवस हाताशी होता. सामान गाडीत भरलेलं होतं ते परत काढलं. माणसं बहुतेक वेळा घाटात अडकतात ती कामाला वेळेवर पोचायच्या घाईत, आणि पोर मागच्या सीटवर असताना ती घाई कशाच्याही मोलाची नाही, हे मी नवऱ्यालाही त्याच शब्दांत सांगितलं. त्याने फोन लावून भागीदाराला सांगितलं की उद्या येतो. भागीदार म्हणाला ये सावकाश.

तो जास्तीचा दिवस सगळ्यात छान गेला. कुठेच जायचं नव्हतं. लेक काकींबरोबर कोंबड्यांना तांदूळ टाकत बसली, दुपारी आभाळ फाटून पंधरा मिनिटं ऊन पडलं तेव्हा काकींनी सगळी अंथरुणं बाहेर काढली आणि ती त्यांच्या मागे-मागे उशी ओढत. टाकीवरचा फेस आदल्या रात्रीच्या पावसात गळून गेला होता, पाण्यात बारीक काळे ठिपके वळवळत होते, तिला मी दाखवले, "बेकूची बाळं". तिला कितपत कळलं माहीत नाही, पण ती वाकून त्यांना "ये, ये" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी अलर्ट यलोवर आला, काकांनी पुन्हा जाऊन रस्ता बघितला, मोकळा होता. नाश्ता हलका दिला, निघायच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दिलं, आणि उतरताना नवऱ्याने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ठेवली, ब्रेकवर सतत पाय नाही. दरड आलेल्या जागी माती बाजूला सारलेली होती, वरून अजून पाणी येत होतं, तिथे न थांबता पुढे गेलो. उलटी झाली नाही. सावंतवाडीत चितार आळीत थांबून तिला लाकडी फळं घेतली, पेरू तिने लगेच चावून बघितला. तिथूनच काकींना उतरलो म्हणून फोन केला, त्यांना तो हवाच असतो.

पुढे जाल तर एवढंच, की काकींकडच्यासारखी घरगुती जागा बघा, जिथे माणसं रात्री जागी असतात आणि रस्ता स्वतः बघून येतात. महादेवगड, नांगरतास, कावळेसाद आमचं राहिलं. "थांब" म्हटल्यावर ती थांबायला लागली की ते करू.